बटाट्याचं पाणी

टेलरमास्तरांची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली, त्याला दोन वर्षं झाली. ताटातून मीठ गेलं, केळं गेलं, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण तळलेला बटाटा गेला आणि जेवणातला रामच गेला.

अखेर काही महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून थोडी सूट दिली. पंधरा दिवसांतून एकदा मूठभर काप चालतील. पण बटाटा सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात दोनदा उकळायचा, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी काढून टाकायचं आणि मगच तळायचा. मास्तरांनी हे सगळं मापांच्या वहीत, कुणाच्या तरी छाती-कंबरेखाली लिहून घेतलं.

दोनदा काप झाले. दोन्ही दिवस मास्तर मशीनवर गुणगुणत होते. मग रिपोर्ट आला, पोटॅशियम वर चढलेलं. बाई म्हणाल्या, काय चुकतंय ते शोधा, पुन्हा असं झालं तर बटाटा कायमचा बंद.

बायकोनं घरी येताच बटाट्यांची टोपली माळ्यावर टाकली. पण बाही आखूड झाली म्हणून कापडाला शिव्या देणाऱ्यांतले मास्तर नव्हते; ते आधी शिवण उसवून बघत. त्यांनी टोपली खाली काढली, बायकोला म्हणाले, तू नेहमी करतेस तसंच कर, आणि वही घेऊन ओट्याशेजारी स्टुलावर बसले.

सोलणं बरोबर. चिरणं बरोबर. दोन्ही उकळ्या बरोबर. मग तिनं ते पाणी निगुतीनं पातेल्यात काढलं आणि वर झाकण ठेवलं.

"हे कशाला?"

"रात्रीच्या सुपाला. सगळा कस त्यातच उतरतो. फेकायचा कसा?"

चाळीस वर्षांत कापडाची चिंधीसुद्धा न फेकलेली बाई ती. बटाट्यातून काढलेलं सगळं ती रात्री वाटीतून मास्तरांना पाजत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. मास्तर चष्मा घसरेपर्यंत हसले. ती मात्र म्हणाली, म्हणजे मीच तुमच्या जिवावर उठले होते. तिला हसवायला त्यांना अर्धा तास लागला.

तेव्हापासून ती तोंड फिरवून पाणी मोरीत ओतू लागली. पुढचा रिपोर्ट ताळ्यावर आला. बाईंनी काप चालू ठेवायला सांगितले.

त्या दुपारी मास्तरांनी ताटलीतले निम्मे काप तिच्यापुढे सरकवले. ती नको म्हणाली.

"अगं, तुला कुणी बंदी केलीये? तू तर रोज खाऊ शकतेस."

"तुमच्यासमोर एकटीनं काय खायचं? दोन वर्षांत मीही तळलेला बटाटा नाही खाल्ला."

मास्तरांना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी सगळ्यांत कुरकुरीत काप तिच्या हातावर ठेवला, वही ओढली आणि 'मूठभर' खोडून लिहिलं: दोन मुठी, एक तिची.