डॉक्टरांकडून घेतलेली मोटार

हवाई दलात मी बावीस वर्षं लढाऊ विमानं उडवली, आणि तेवढ्या काळात जमिनीवरच्या एकाही वाहनाबद्दल माझं मत सुधारलं नाही. स्कूटर म्हणजे लाथ खाल्ल्याशिवाय जागी न होणारी वस्तू. बस म्हणजे परक्यांच्या कोपरांचं गोदाम. आणि आमच्या तळावरच्या डॉक्टरांकडून मी घेतलेली जुनी मोटार त्याहून खालच्या दर्जाची. "तब्येत ठणठणीत आहे," असं डॉक्टर म्हणाले होते. आम्हा वैमानिकांनाही ते न तपासताच हेच सांगायचे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बदली झाली तेव्हा त्याच गाडीतून नव्या गावी निघालो. मी, ही आणि लेकीचं घर लावून द्यायला आलेले माझे सासरे. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. वैमानिक जावयाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "वर खड्डा नाही, वळण नाही, आडवं येणारं कुत्रं नाही. त्यात चालवायचं ते काय?" असं ते चारचौघांत म्हणत.

निघताना मी सवयीप्रमाणे गाडीभोवती फिरलो, टायर दाबले, दिवे लावून पाहिले. सासरे शेजारच्या सीटवर घड्याळ बघत बसले होते.

"जावईबापू, गाडीला दृष्ट लागलेली नाही. चला."

पहिल्या तासाभरात त्यांनी माझी पार सालटी काढली. "क्लचवरचा पाय काढा, ती पायरी नाही." "गिअर टाकताय की खिळा ठोकताय?"

शेवटी मी म्हणालो, "बाबा, मी आवाजाच्या दुप्पट वेगानं गेलोय."

"म्हणूनच या बिचारीचं कण्हणं तुम्हाला ऐकू येत नाही."

मागच्या सीटवर, गाद्या आणि भांड्यांच्या मधोमध, ही खुदकन हसली.

मग घाट लागला. उतारावर मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला, तेच. माझा हात आपोआप मांड्यांच्या मध्ये गेला. विमानात तिथं एक मूठ असते. ती ओढली की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो. इथे माझ्या पँटीशिवाय काही नव्हतं.

"काय चाचपताय?" सासरे ओरडले. "दुसरा टाका! आता पहिला! हँडब्रेक माझ्याकडे सोडा. डोंगराच्या बाजूला घ्या, घासू दे!"

मी मुकाट्यानं सांगितलं ते केलं. मडगार्ड मातीच्या कडेला घासत, किंचाळत गेलं, एक दिवा फुटला आणि गाडी थांबली. मागून एक पातेलं येऊन माझ्या डोक्यावर आपटलं.

"उतरा दोघं," ही म्हणाली. एवढंच. पण त्या दोन शब्दांत तिनं मलाही मोजलं आणि वडिलांनाही.

सासरे उतरले ते थेट गाडीखाली शिरले आणि काळेकुट्ट हात घेऊन बाहेर आले. "ब्रेकचा पाइप सडलाय. सकाळी गाडीभोवती फिरताना एकदा खाली वाकला असतात, तर तेल गळताना दिसलं असतं."

विमानाखाली मी रोज वाकायचो. मोटारीला मी तेवढी लायक समजलो नव्हतो.

मेकॅनिक येऊन पाइप बदलेपर्यंत दुपार झाली. पुढे गाडी सासऱ्यांनीच चालवली. त्यांच्या हातात तेच भंगार इतकं गुमान चालत होतं, की मला दोघांचाही राग आला.

महिन्याभरानं परवानगी काढून मी त्यांना विमान दाखवायला नेलं. शिडी चढून ते माझ्या खुर्चीत बसले. समोरची बटणं आणि काटे एकेक करून न्याहाळू लागले. मला वाटलं, जिरली.

"हॉर्न कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नसतो, बाबा."

"हॉर्नसुद्धा नाही!" त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू मी कपड्यांशिवाय कामाला जात होतो. पण खाली उतरण्याआधी म्हणाले, "एक फोटो काढा."

तो फोटो त्यांनी आपल्या घरी बैठकीच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा लावला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते बोटानं दाखवत आणि सांगत, "याला फार अक्कल लागत नाही. आमचा जावई चालवतो."