वगळलेला आवाज

खून झालेल्या मुलीच्या फोनमधलं शेवटचं रेकॉर्डिंग वाजवायला न्यायाधीशांनी परवानगी दिली. मी आरोपीची, म्हणजे तिच्या नवऱ्याची वकील. खटला अर्ध्यावर असतानाच त्या अंतरिम आदेशाविरुद्ध मी वरच्या कोर्टात अपील केलं. अपिलाला जोडायचा मजकूर मी कुणालाही टाइप करू देत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून हेडफोन लावून, पुन्हापुन्हा मागे नेत, शब्द न् शब्द मीच उतरवला.

आदेश रद्द झाला, रेकॉर्डिंग पुराव्यातून वगळलं.

"सुटलो! आता ते कुणीच ऐकणार नाही," पक्षकार म्हणाला. मूर्ख कुठला! भाजी चिरताना, नळ सोडला की, लिफ्टचं दार मिटलं की ती माझ्या कानात बोलतेच आहे.

काल कोर्टाच्या जिन्यात तिची आई आडवी आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. पण तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही ऐकलंत ना? माझी आठवण काढली का हो तिनं?"

"आवाज स्पष्ट नव्हता," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या कानात ती बोललीच, अगदी स्पष्ट. "आई, तू म्हणालीस म्हणून परत नांदायला आले गं."