न वाचलेल्या कागदावरचा अंगठा

मित्रांनो, मी धुळ्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली मांडलेल्या एका टेबलावरचा जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत शाईत भिजलेला जाड कापडाचा तुकडा, एवढाच माझा देह. जीवराम नाना अर्ज आणि करार लिहितात. ज्यांना सही येत नाही, ते माझ्यावर अंगठा टेकवतात. माझ्या तरुणपणी नाना मला दर सोमवारी शाई पाजत. "याचा ठसा आजवर कुठं नाकारला गेला नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. आता बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आली. माझ्या कडा वाळल्या.

आठ वर्षांपूर्वी एका मठाचा कारभारी सातपुड्याच्या पायथ्याच्या चमेलीबाईला घेऊन आला. तिची बारा वर्षांची रोहिणी मठाच्या वसतिगृहात शिकत होती. कारभारी म्हणाला, "मुलीच्या दाखल्याचा कागद आहे." नानांनी तो वाचून दाखवला नाही. खाली मान घालून मला पुढे सरकवले. चमेलीबाईचा अंगठा विळ्याने चिरलेला होता. त्या कागदावर लिहिले होते, 'मुलीची महाराजांविरुद्ध तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही.'

मित्रांनो, मठाच्या त्या महाराजांनी रोहिणीवर लैंगिक अत्याचार केले होते.

यंदा मायलेकी परत आल्या. सोबत हिना वकील होत्या. पोलिसांतली तक्रार वेगळी चालू होती. आता महाराजांवर आणि मठाच्या ट्रस्टवर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचा होता. त्यात रोहिणीचे नाव गुप्त राहावे, असा अर्जही होता. महाराजांना विश्वस्तपदावरून काढावे, म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे दुसरा अर्ज होता. अठरा पूर्ण झाल्यावर सुरू झालेली दाव्याची मुदत संपत आली होती. हिनांनी पाठवलेल्या नोटिशीला ट्रस्टने उत्तर म्हणून चमेलीबाईच्या अंगठ्याचा तोच कागद पाठवला होता.

"गुन्हा दाबायला केलेला करार कायद्यात टिकत नाही," हिना म्हणाल्या. "पण काय सांगून अंगठा घेतला, ते तुम्हीच सांगू शकता, नाना."

"मठाची सगळी कामं माझ्याकडे येतात, मॅडम. उद्या माझं टेबल उठवतील." मग नाना रोहिणीवरच घसरले. "आणि पोरी, पैसे मिळाले की झालं का समाधान?"

"एक कागद म्हणतो, मिटलं," रोहिणी म्हणाली. "हे घडलं होतं, असं सांगणारा कोर्टाचा कागद मला हवाय, नाना. तुम्ही तेव्हा गप्प बसलात. आता तरी बोला."

नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःचे प्रतिज्ञापत्र लिहिले, 'मजकूर वाचून दाखवला नाही. दाखल्याचा कागद असल्याचे तिला सांगण्यात आले.' खाली सही केली.

पुढे चमेलीबाईचे प्रतिज्ञापत्र झाले. तिने अंगठा पदराखाली धरला. "भाऊ, पहिलं माले बठ्ठं वाची दखाडा."

नानांनी सगळे वाचून दाखवले. तिने परत वाचायला लावले. "एक गोट राहिनी," ती म्हणाली. "पोरनी माले सांगं व्हतं. मी तिले मारं. म्हनं, देवमाणूसवर आळ घालस! ते बी लिखा."

"आक्का, तेवढं नसलं तरी चालेल," हिना हळूच म्हणाल्या.

"नही. लिखा."

रोहिणी आईकडे बघत नव्हती. नानांनी ते वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले. तेव्हा कुठे चमेलीबाईने अंगठा माझ्यावर ठेवला. पहिला ठसा फिसकटला. दुसरा घ्यावा लागला.

दावा मुदतीत दाखल झाला. निकाल अजून लागलेला नाही. नानांचे टेबल खरेच उठवले गेले. आता मी त्यांच्या पिशवीत असतो.

मित्रांनो, कोणी तुमच्याशी असे वागले, मग तो कितीही पाया पडण्याजोगा माणूस असो, मोठ्यांना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, तुमच्याकडे आलेल्या लेकराला परत पाठवू नका. रोहिणीला ऐकणारा दुसरा माणूस मिळायला आठ वर्षे लागली.