अदलाबदलीचं रान

“आजी, हा फोटो तुमचाच ना?”

तलाठी मॅडमनी टॅब सरजाक्कासमोर धरला. सरजाक्कानं पदरानं घाम पुसला, मान जरा मागं नेली, डोळे बारीक करून फोटो बघितला आणि खूश झाली.

“हाव, मीच की! लालभाईनं काढलाय. बरा आलाय न?”

लालभाई म्हणजे मी. लालमहंमद, मोटार-पंपवाला. धामणदरीत कुणाच्याही विहिरीतली मोटार जळली की पहिली हाक मला येते. सरजाक्काच्या बांधाला लागून माझं सव्वा एकर रान आहे, म्हणून त्या दिवशी तिच्या रानातल्या पंचनाम्याला पंच म्हणून मला बोलावलं होतं. पण तो फोटो मी ओळखला. पुढं काय येणार ते मला कळून चुकलं होतं.

“आणि हा दुसऱ्या वर्षीचा. हा यंदाचा.” मॅडम बोटानं फोटो सरकवत होत्या. “तिन्ही फोटो गट सदुसष्टमधले. गट सदुसष्टच्या सातबाऱ्यावर नाव तुमचं, आणि शेतात उभ्या तुम्हीच. मग अर्जात असं कसं लिहिलं की ते शेत बिरादारांच्या ताब्यात आहे?”

सोमेश बिरादार मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याचा म्हातारा बाप वीरण्णा लिंबाखाली बसला होता. सोमेशला बोलायची गरजच नव्हती, त्याची वकिली मी तीन वर्षं फुकटात करून ठेवली होती.

आता हे पहिल्यापासून सांगावं लागणार. सांगताना मला माझाच राग येणार आहे, त्याला इलाज नाही.

सरजाक्काच्या सासऱ्यानं लातूर रोडला रेल्वेत गँगमनची नोकरी केली आणि त्या पगारातून दोन एकर रान घेतलं. तो गट सदुसष्ट. ओढ्याकाठचं काळंभोर रान, गुडघ्याएवढी माती. पण चारी बाजूंनी वीरण्णाचं शिवार आणि जायला वाट नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या उभ्या पिकातून बैल न्यायचे म्हणजे रोजची कटकट. उलट वीरण्णाचे दोन एकर, गट एक्केचाळीस, ते इकडं बौद्धवाड्याला लागून. त्यात दगड इतके, की वीरण्णाचा बैल तिकडं वळायलाच तयार नसायचा.

सरजाक्काचा नवरा निवृत्ती सोनकांबळे आणि वीरण्णा बरोबरीचे. शहाऐंशी साली दोघांनी ठरवलं, तुझं मी करतो, माझं तू कर. एकमेकांच्या हातावर तंबाखू ठेवली आणि रान बदललं. काळं रान देऊन दगड घेतले म्हणून गाव निवृत्तीला हसलं. कागद करावा असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हसू नका, आमच्या भागात अशी रानं गावोगाव आहेत. नाव एकाचं, नांगर दुसऱ्याचा, आणि दोघं मिळून सुखानं चहा पितात. भानगड सुरू होते ती पोरं मोठी झाल्यावर.

निवृत्ती लवकर गेला. मुलगा प्रीतम पुण्याला कंपनीत लागला. रान राहिलं सरजाक्काकडं. दर उन्हाळ्यात ती पाटी घेऊन दगड वेचायची आणि उताराच्या अंगाला रचायची. मी शेजारून बघायचो. म्हणायचो, “अक्का, किती येचशील? जमीन रोज नवे दगड वितीय.” ती म्हणायची, “तिला दम लागंस्तर येचीन.” चाळीस उन्हाळे झाले. आता तो बांध माझ्या कमरेएवढा आहे आणि त्याच्या आत माती धरलीय. एका वर्षी तिनं तलावातला गाळ आणून टाकला. पहिल्या वर्षी जिथं कुदळीखाली ठिणगी उडायची, तिथं आज हात मनगटापर्यंत आत जातो.

विहीर मात्र झाली नाही. अनुदानाची विहीर मागायला गेली तर तिला सांगितलं, सातबारा आणा. सातबारा नेला तर तो सदुसष्टचा, आणि विहीर हवी एक्केचाळीसमध्ये. सोमेशचंही तसंच. सदुसष्टमध्ये ठिबक करायला गेला तर नाव सरजाबाई निवृत्ती सोनकांबळे. दोघांच्या डोक्याला ताप एकच, पण दोघांनी त्याचं केलं वेगळंच. सरजाक्का म्हणाली, विहीर नाही तर नाही, बांध तरी धड करू. सोमेश म्हणाला, नाव लोकाचं, मी कशाला शेणखत टाकू? गेल्या उन्हाळ्यात त्यानं सदुसष्टची माती वीटभट्टीला देऊन टाकली. आठ दिवस ट्रॅक्टर चालू होते. आता तिथं पावसाळ्यात बेडकं ओरडतात आणि उन्हाळ्यात पांढरा मुरूम चमकतो. वीरण्णानं तेव्हा पोराशी बोलणं टाकलं. पोराला ते पंधरा दिवसांनी कळलं.

आता माझी अक्कल ऐका. मोबाइलवरून पीक पाहणी सुरू झाली. आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. पीक चढलं नाही तर अतिवृष्टीची मदत नाही, विमा नाही. सरजाक्काच्या नावानं एक्केचाळीसमध्ये फोटो काढायला गेलो तर मोबाइल म्हणतो, तुम्ही तुमच्या गटात नाही. चार वेळा केलं, चार वेळा तेच. मोटार असती तर मी उघडून बघितली असती! मग मला युक्ती सुचली. सरजाक्कानं सदुसष्टमध्ये जाऊन सोमेशच्या सोयाबीनमध्ये उभं राहायचं आणि सोमेशनं इकडं येऊन तिच्या पिकात. फोटोत माणूस असलाच पाहिजे असंही नव्हतं. ती माझी हौस. म्हटलं, माणूस दिसला म्हणजे कुणी शंका घेणार नाही.

तीन वर्षं आम्ही असं करत राहिलो. पहिल्या वर्षी तर तिघांनी जाऊन भजी खाल्ली. यंदा सदुसष्टमध्ये पीकच नव्हतं, म्हणून खड्ड्याच्या काठावर सरजाक्काला उभं केलं आणि ‘पडीक’ असं भरलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

आणि मग सरकारची सलोखा योजना गावात कळली. बारा वर्षांहून जास्त काळ असा उलटसुलट ताबा असेल आणि दोघंही राजी असतील, तर थोडक्या खर्चात नोंदणी करून नावं बदलून मिळतात. आमच्यासारख्यांसाठीच होती ती. सरजाक्काचा अर्ज मीच भरला. सोमेश सही देतो म्हणाला, मग बघतो म्हणाला, मग नुसतंच हूं म्हणाला. त्याच अर्जाच्या पंचनाम्याला मॅडम एक्केचाळीसमध्ये आल्या होत्या.

“मॅडम, ते फोटो खोटे हायत,” मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. बाई कंधारकडच्या, वयानं तिशीच्या, कामाला चोख. “खोटे कुणी काढले?”

“मी.”

“म्हणजे तुम्ही सरकारी नोंद खोटी केली, आणि आता पंच म्हणून खरं सांगताय?”

साठ वर्षांच्या माणसाला पोरीसारख्या बाईनं भर रानात उभं करावं आणि तिचं सगळं बरोबर असावं, यासारखी चीड नाही.

“सोमेशभाऊ, तुमचं काय म्हणणं आहे? संमती आहे का?”

“मी काय म्हणू, मॅडम? सातबाऱ्यावर माझं नाव हाय, पाहणीत माझा फोटो हाय. माझं रान मी पेरतो. मावशी मदतीला असत्यात.”

“मदतीला?” मी ओरडलोच. “आरं, कुटं फेडशील हे? ती दगडं येचायली तवा तू जन्माला यायचा हुतास!”

तेवढ्यात काठी टेकत वीरण्णा उठला. चार पावलं यायला त्याला बराच वेळ लागला. तो आला आणि मॅडमसमोर उभा राहिला.

“लिवा बाई. हे रान म्या दिलंय. निवृत्तीला. ह्या हातानं दिलंय. आज चाळीस वर्सं सरजाबाई करायलीय. ह्यात काडीचं खोटं न्हाई.”

मला वाटलं, झालं! देणारा माणूसच सांगतोय, आणखी काय पाहिजे? मॅडमनी टॅबवर काही तरी बघितलं. पुन्हा बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बाबा, तुमचं नाव नाही हो यात. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा तुमचं कमी झालं. आता खातेदार सोमेश एकटेच. तुमची संमती नाही चालायची.”

वीरण्णाला हे माहीतच नव्हतं. त्यानं पोराकडं बघितलं. “कवा काडलास माझं नाव?”

“अप्पा, तुमीच अंगठा दिलता की. पीक कर्जाचं म्हून.”

वीरण्णा काठी बगलेत धरून उभाच राहिला.

सरजाक्काला इतकंच कळलं होतं की आपला हसरा फोटो आपल्याच मुळावर आलाय. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती ओरडली नाही. सोमेशपुढं जाऊन उभी राहिली.

“सोमेश, तुला तुझं रान पायजे?”

“सातबारा ज्याचा त्याचं, मावशी. मी काय जगायेगळं मागायलोय? मोजणीचे पैसे भरलेत. माघ महिन्यात येत्याल मोजायला.”

“घे की मग. पर मोडायची तर अदलाबदल नीट मोडू. माझं रान मला जसं हुतं तसं दे. प्रीतमच्या बापानं दिलं तवा गुडघ्याएवढी काळी माती हुती त्यात. ती आन. भट्टीवरनं आन, लोकाच्या भितीतनं उकरून आन, मला काय बी सांगू नको.”

“काय बी काय बोलायलाव, मावशी?”

“आन मी बी तुझं तुला जसं हुतं तसं देते. ह्यो बांध दिसतोय न? ह्यातला एकूणएक दगड परत रानात टाकते. एक बी ठिवून घेत न्हाई मी. मग मोज तुझं रान.”

मॅडमचं बोट टॅबवर तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, “आजी, असं लिहायला जागा नाही यात.”

“ठाव हाय मला,” सरजाक्का म्हणाली.

पंचनाम्यात शेवटी एवढंच आलं की समोरच्या खातेदाराची संमती नाही, सबब अर्ज निकाली. मी सही केली. मॅडमनी टॅब पिशवीत ठेवला. “मी पाच गावं बघते, आजी. मला वर उत्तर द्यावं लागतं,” असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि त्यांचं खोटं नव्हतं. सोमेशनं गाडी सुरू केली. “अप्पा, बसा.” वीरण्णा बसला नाही. “मी चालत येतो,” म्हणाला. दीड कोस! सोमेश थोडा थांबला आणि एकटाच गेला.

सरजाक्का सरळ बांधाकडं गेली. तिनं वरच्या थरातला एक दगड दोन्ही हातांनी हलवला, काढला, पोटाशी धरला आणि उभ्या तुरीत शिरली.

“अक्का!” मी म्हणालो. मग मीच स्वतःला म्हणालो, टाकू दे. खरं तर मलाही जाऊन दहा-वीस दगड भिरकावावेसे वाटत होते. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता आणि तो नेमका कुणाचा तेही कळत नव्हतं. सोमेशचा, मोबाइलचा, का माझा?

तूर फुलावर होती. ती ओळीतून पुढं पुढं गेली. एका जागी थांबली, खाली बघितलं. तिथून हलली, दुसऱ्या ओळीत गेली. तिथंही थांबली. पदराला फुलं चिकटली होती. सत्तरीच्या बाईला तो दगड पेलवत नव्हता, तरी तिला तो टाकायला दोन एकरांत जागा सापडेना. मी आणि वीरण्णा बांधाजवळ उभे राहून बघत होतो.

मग ती परत आली. जिथून काढला होता तिथंच दगड ठेवला. तो डुगडुगत होता.

“लालभाई, एक चीप दे,” ती म्हणाली.

मी खाली बघितलं, बोटाएवढी दगडाची चपटी चीप शोधली आणि दिली. वीरण्णानं काठी खाली ठेवून दगड धरला. सरजाक्कानं चीप खाली सारली, दुसऱ्या दगडानं दोनदा ठोकली आणि तळहातानं दाबून बघितलं. दगड हलेना, तेव्हा तिनं हात झटकले.