कडुबाचा परस

"मॅडम, ते प्रकरण काढूनच टाकते," असं मनस्विनी म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

"काढून टाकायला ते काय भाजीतला कढीपत्ता आहे?"

चार वर्षं ही पोरगी माझ्या हाताखाली भूजलावर पीएचडी करत होती. शेंद्र्याला कारखाने आले, शहर करमाडपर्यंत सरकलं, जागोजागी बोअर पडले. २०१३ साली पाणी बहात्तरच्या दुष्काळापेक्षाही खाली गेलं, हे तिला सिद्ध करायचं होतं. बहात्तरचे आकडे माझ्या गावच्या जुन्या दप्तरात मिळाले, पण परस या जुन्या मापात. परीक्षकांनी लिहिलं: दप्तरात विहीर दहा परस, म्हणजे साठ फूट, टेप पंच्याहत्तर दाखवतो. दप्तर खोटं. प्रकरण गाळा, नाहीतर प्रबंध परत.

एक परस म्हणजे सहा फूट, हे तिला मीच शिकवलं होतं. पुस्तकात वाचून.

"चल, गाडी काढ," मी म्हटलं.

ती विहीर माझ्या बापानं, कडुबानं, खोदलेली. पाणी लागल्यावर गावानं त्यालाच तिथं घागर बुडवू दिली नाही. त्या रागानं मी चाळीस वर्षं तिकडं फिरकले नव्हते. बापाचा जोडीदार पुंजाराम अजून गावात होता. परस किती फुटांचा, असं विचारल्यावर म्हातारा हसायलाच लागला.

"आता गं बया! कडुबाची लेक अन् तुला परस ठाऊक नाय? तुझा बाप तळाला उभा राहून हात वर करायचा. बोटं टेकली तिथं खूण. झाला परस. तू बी त्याच्याच उंचीची हायेस की. कर हात वर."

मी त्याच्या भिंतीला पाठ लावून हात वर केला. मनस्विनीनं खाटेवर चढून टेप धरला. साडेसात फूट. दहा परस, पंच्याहत्तर! मला हसू आलं आणि रडूही. एवढं शिकून बापाचं माप मी पुस्तकात शोधत होते, याची लई लाज वाटली.

व्हायवाला परीक्षक अडूनच बसले. "या परसाला प्रमाण काय?"

"त्याच माणसानं खोदलेल्या आणखी तीन विहिरी मोजल्या, सर. तिन्ही साडेसातानंच जुळतात."

"पण माप कुणाचं?"

मार्गदर्शकानं तिथं बोलायचं नसतं. मी उठून उभी राहिले आणि हात वर केला.

"यांच्या वडिलांचं," मनस्विनी म्हणाली.

प्रकरण राहिलं. प्रबंधातल्या मापांच्या यादीत फूट आणि मीटरच्या खाली तिनं लिहिलंय: परस, कडुबाचा, साडेसात फूट.