पाणी घातलेल्या झाडाची बाटली

संस्थेत तिला सगळे गवतवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. अर्धा जन्म तिने एका तणामागे घालवला होता. तेही कसलं तण, तर खडकाळ उतारावर उगवणारं, जनावरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत असलं. पण त्या तणाची एक खोड होती. त्याला पाण्यावाचून तहानलेलं ठेवलं की मुळांत एक कडू द्रव्य तयार व्हायचं. पाणी घालून लाड केले, की मुळं जाडजूड आणि आत काहीच नाही. हे तिने सिद्ध करून दाखवलं, पेपर लिहिले, चार जाणकारांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. तिच्या पेपरांचा संदर्भ देणारे सगळे लोक एका बाकावर मावले असते.

मग तिचा पाठचा भाऊ त्याच संस्थेत, समोरच्या कॅन्सरच्या इमारतीत नोकरीला लागला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, तापात कपाळावरच्या पट्ट्या, सगळं हिनेच केलेलं. तो म्हणाला, ताई, तुझं ते कडू द्रव्य माझ्या पेशींवर घालून बघू या. घातलं. कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या, असं त्याने सांगितलं. दोघांच्या नावाने पेपर छापून आला आणि काय सांगावं, जगभरातून लोक त्याच्यावर तुटून पडले. झाडवाल्यांना बाक पुरत होता, कॅन्सरवाल्यांना मैदान पुरेना. ज्याच्या त्याच्या पेपराखाली बहीणभावाची नावं. गवतवाली कुठल्या मजल्यावर बसते हे ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं, ते संचालक जिन्यात थांबून तिच्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. तिचं झाडं वाढवायचं काचघर पाडून तिथे गाड्या लावायचं घाटत होतं, तो बेतही बारगळला. साइटेशन, म्हणजे लोकांच्या पेपरांत तुमचे संदर्भ, येताहेत तोवर काचघर आहे, असं संचालकांनी हसत हसत सांगितलं होतं. मोठी माणसं हसत हसत सांगतात ना, तेच खरं धरून चालावं.

दुसऱ्या पेपरासाठी भावाने पुन्हा अर्क मागितला. आता तिची पद्धत अशी, की तहानलेल्या झाडांबरोबर पाणी घातलेल्या झाडांचाही अर्क काढून ठेवायचा. एकात द्रव्य आहे आणि दुसऱ्यात नाही, हे शेजारी शेजारी दाखवता आलं पाहिजे. बाटल्या दिसायला सारख्याच, फक्त झाकणावरच्या पट्टीचा रंग वेगळा. त्या मोसमात पिवळी पट्टी संपली. गवतवाली बाईंनी सगळ्यांनाच हिरवी लावली. वरच्या कप्प्यात तहानलेली, खालच्यात लाडावलेली, राहील की लक्षात, म्हणाल्या. मधे कधीतरी फ्रीज बंद पडला, बाटल्या बाहेर काढल्या, परत आत गेल्या. पुढे उरलेल्या बाटल्या यंत्रावर तपासायला घेतल्या तेव्हा उजेड पडला: भावाकडे गेली होती ती पाणी घातलेल्या झाडांची. आत द्रव्याचा टिपूस नाही.

तिला आधी भाऊच आठवला. बिचाऱ्याने महिनोन्‌महिने राबून काय पाहिलं असेल? एकाही पेशीला काही झालं नसेल. डोकं धरून बसला असेल, आणि ताईला बोल लागू नये म्हणून गप्प राहिला असेल. गुणाचं पोर! तशीच अंगावरच्या मळक्या कोटानिशी ती समोरच्या इमारतीत गेली.

भाऊ खुशीत होता. तिला काही बोलूच देईना. जर्नलने पेपर स्वीकारला म्हणाला, आणि खुर्ची बाजूला सारून पडद्यावरचा आलेख दाखवला. जितका अर्क जास्त तितक्या पेशी कमी, रेघ कशी झोकात खाली उतरलेली. गवतवाली बघत राहिली. आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकत असेल. म्हणून तिने बाटलीची गोष्ट सांगितली, माफी मागितली आणि विचारलं, या पेशी मेल्या कशाने?

त्याने उठून दार लावून घेतलं. तेवढ्यानेच तिला कळायचं ते कळलं.

"आणि पहिला पेपर?" तिने विचारलं.

"तेव्हा खरंच मेल्या होत्या, ताई. एकदा. मग पुन्हा जमलं नाही. पण तू किती खूश होतीस."

त्या एकदाच्या भरवशावर दूरदूरची पोरं प्रयोग मांडून बसली होती, आपलाच हात कच्चा म्हणून स्वतःला बोल लावत असतील. ती म्हणाली, दोन्ही पेपर मागे घ्यायचे, आजच कळवते. काचघर जाईल, जाऊ दे. तो तिच्या पाया पडायला आला. मला जरा वेळ दे, म्हणाला, आपण दोघं मिळून कळवू. सख्खा भाऊ. तिने दिला वेळ.

त्या वेळात हे भाऊसाहेब संचालकांकडे जाऊन आले. ताईने स्वतः कबूल केलंय, म्हणाले, बाटल्यांची अदलाबदल झाली. पहिल्या वेळीही झाली असेल, कुणी सांगावं. वर डोळ्यांत पाणी. याला म्हणतात केसाने गळा कापणं.

चौकशीला समिती बसली. भाऊ टेबलाच्या पलीकडे होता. बाटली तुमच्याकडून चुकीची गेली का, असं गवतवालीला विचारलं. चुकीची गेली होती. ती हो म्हणाली.

मग तीच पुढे बोलली. "पण त्या बाटलीत काहीच नव्हतं. काहीच नसताना पेशी मेल्या कशा, हे त्याला विचारा."

आजचा विषय बाटलीचा आहे, असं संचालक म्हणाले. समितीने पुढचा कागद उलटला. कॅन्सरच्या इमारतीला हात लावायचा म्हणजे संस्थेचं नाक कापून घ्यायचं, आणि गवतवालीचं काय, ती ओरडून ओरडून किती ओरडणार? वनस्पती विभागाच्या निष्काळजीपणामुळे दोन्ही पेपर मागे घेण्यात येत आहेत, असं छापायचं ठरलं. करून सवरून भाऊ नामानिराळा, खापर हिच्या डोक्यावर. काचघराचं काय करायचं हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तो मागून आला. लोक विसरतील, म्हणाला, आणि आज तू एकटी राहू नकोस, घरी जेवायला ये.

ती थांबली. तिचा आवाज काही चढला नाही.

"त्या दिवशी मी तुझी माफी मागायला आले होते रे. दुसरं कुणी असतं ना, तर आधी त्याच्या पेशी मोजून घेतल्या असत्या."

ती जिना उतरून निघून गेली.