एकेका कानात एकेक कंपनी

दहा वाजता माझ्या दोन्ही कंपन्यांच्या मीटिंगा एकदमच लागल्या. रोसारियोतल्या माझ्या स्वयंपाकघरात दोन लॅपटॉप, एकेका कानात एकेक कंपनी. येर्बाचा कडू चहा नळीनं ओढता ओढता मी विमा कंपनीच्या मीटिंगमध्ये बूट कंपनीचं काम सांगून बसले.

बाकीचे गेल्यावर विमा कंपनीचा साहेब लिसांद्रो म्हणाला, "यामिला, दुसरीकडेही नोकरी करतेस? लाज नाही वाटत?"

"इथलं माझं काम कधी अडलंय का, ते सांगा."

"तो प्रश्न नाही. माणसानं एका ठिकाणी इमान ठेवावं."

"तुम्ही तीन कंपन्यांचे संचालक आहात ना?"

"ते वेगळं. मी लपवून करत नाही."

"मग आता माझंही लपलेलं नाही," म्हटलं, आणि बुटांच्या मीटिंगचा आवाज वाढवला.